पोरक्या लेंकरांचा पायगुण

(दुष्काळ-निवारण समितीच्या वार्षिक सभेंत व्यापारी, बागायतदार व देणगीदार मंडळींपुढें समितीच्या वतीनें झालेलें भाषण.)



समितीचा जमाखर्च छापून आपल्या हातीं दिलेला आहे. धान्य किती वाटलें, जनावरांच्या छावणीस चारा किती पुरविला, पाण्याचे टँकर कोणत्या गांवीं किती दिवस गेले, हें सर्व त्यांत मांडलें आहे. आपण हिशेब वाचणारे लोक आहां. त्याविषयीं अधिक बोलून आम्ही आपला वेळ घेत नाहीं. जी बाब कोणत्याही खात्यांत मांडतां येत नाहीं, परंतु जी मांडल्यावांचून दुष्काळाचा हिशेब पुरा होत नाहीं, अशी एक बाब आज आपल्यापुढें ठेवण्याची आम्हांस आज्ञा असावी. ती बाब म्हणजे आईबाप गेलेल्या मुलांची नातलगांच्या घरांत होणारी स्थिति.

पोरकें मूल आश्रमांत दाखल झालें तर त्याची नोंद होते. त्याच्या जेवणाची, कपड्यांची, शाळेची विचारपूस करण्यास कोणीतरी बांधलेला असतो. परंतु तेंच मूल काकाच्या, मामाच्या किंवा आजीच्या घरीं गेलें, तर गांव म्हणतें, “बरें झालें, पोराला आपलीं माणसें मिळालीं,” आणि चौकशी तेथेंच थांबते. नातलगांचें घर हेंच अशा मुलाचें पहिलें आश्रयस्थान असावें, याविषयीं आमचा मतभेद नाहीं. २०१५ च्या बालन्याय कायद्यानेंही संस्थेंत ठेवणें हा शेवटचा उपाय मानला आहे, आणि तें योग्यच आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, बहुतेक पोरकीं मुलें ज्या अर्थीं घरांतच वाढतात, त्या अर्थीं त्या घरांत त्यांच्याविषयीं काय बोललें जातें याची चौकशी दानधर्म करणाऱ्यांनीं केली पाहिजे.

आमचे कार्यकर्ते कोरडवाहू गांवांतून फिरतात, तेव्हां त्यांच्या कानीं पडणारे शब्द आपणांसही अपरिचित नाहींत. “पांढऱ्या पायाची.” “जन्मली आणि आईला खाल्लें.” “बापाच्या मुळावर आला.” हे शब्द रागाच्या भरांतच निघतात असें नाहीं. भाकरी थापतां थापतां, शेजारणीशीं बोलतां बोलतां ते सहज येतात. मूल तेथेंच निवडणें निवडीत बसलेलें असतें. मग शब्दांमागून घरची रीत येते. लग्नांत करवली म्हणून दुसरीच मुलगी उभी राहते. कोणी शुभकार्यास निघाला कीं पोरक्या मुलीस आंतल्या खोलींत जाण्यास सांगतात. म्हैस आटली, बैल दगावला, बोअरला पाणी लागलें नाहीं, कीं घरांतील डोळे नकळत तिच्याकडे वळतात. तिला कोणी उपाशी ठेवितात असें नाहीं, पण वाढतांना हात आंखडतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलास हें सारें समजतें. तें हट्ट करीत नाहीं, दुसऱ्यांदा भाकरी मागत नाहीं, हाक मारण्यापूर्वींच कामास उठतें. गांव त्याला गुणी पोर म्हणतें. वस्तुतः तें गुणी झालेलें नसतें, भ्यालेलें असतें. आणि सर्वांत वाईट तें याच्याही पुढें घडतें: कांहीं काळानें तें मूल स्वतःच मानूं लागतें कीं, आपल्यामुळेंच आई गेली, आपल्यामुळेंच बाप गेला. ज्या दुःखांत त्याचें सांत्वन व्हावें, त्याच दुःखाचा तें आरोपी होऊन बसतें.

या समजुतींस आधार काय आहे, हें आपण थंड डोक्यानें पाहूं. मूळ नक्षत्राच्या पहिल्या चरणावर जन्मलेलें मूल बापास, दुसऱ्यावरचें आईस व तिसऱ्यावरचें धनास घातक, असें मानतात. आश्लेषा व ज्येष्ठा या नक्षत्रांवरही असाच ठपका आहे. आतां व्यापाऱ्याच्या रीतीनें हिशेब करा. चंद्र सत्तावीस नक्षत्रांतून सुमारें २७ दिवस व ८ तासांत फिरतो; म्हणजे एका नक्षत्रास सुमारें एक दिवस येतो. तीन नक्षत्रें सदोष धरलीं तर सत्तावीसांत तीन, अर्थात् दर नऊ जन्मांत एक जन्म सदोष ठरतो. या सभागृहांत बसलेल्या मंडळींतही नवांत एक या प्रमाणानें असे लोक निघतील, आणि त्यांपैकीं अनेकांच्या आईवडिलांनीं नातवंडें मांडीवर खेळविलीं असतील. त्यांच्या पत्रिकेची आठवण कोणी काढीत नाहीं. ज्या घरीं मृत्यु आला त्याच घरीं पत्रिका उघडून पाहतात, आणि पाहणाऱ्यास हवें तें तींत सांपडतें.

आणि मृत्यु कशानें आले? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दक्षिणेंत पाऊस बुडाला, पिकें गेलीं, मजुरी बसली, धान्याचे भाव गरिबाच्या आंवाक्याबाहेर चढले, आणि उपासानें खंगलेल्या शरीरांस पटकीनें व हिंवतापानें उचललें. मेलेल्यांत सर्व नक्षत्रांवरचे लोक होते. १९७२ च्या अवर्षणांत रोजगाराचीं दुष्काळी कामें मोठ्या प्रमाणावर काढल्यामुळें भूकबळींचें तें जुनें भयंकर रूप महाराष्ट्रांत पुष्कळ अंशीं टळलें. तरी दुष्काळ आज दुसऱ्या वाटांनीं घरांत शिरतो: आटलेली विहीर, थकलेलें कर्ज, ऊसतोडीसाठीं सहा सहा महिने सोडलेलें गांव, वेळेवर न झालेला औषधोपचार, आणि कांहीं दुर्दैवी घरांत कर्त्या पुरुषानें स्वतःच्या हातानें संपविलेलें जीवन. बाळंतिणीचा मृत्यु बहुधा अतिरक्तस्रावानें, जंतुसंसर्गानें किंवा वाढलेल्या रक्तदाबानें होतो. त्या वेळीं जन्मास आलेल्या जीवाचा त्यांत अपराध तो कोणता? २०२० व २०२१ सालीं कोविडच्या साथीनें देशांत हजारों मुलांचें छत्र हरपलें. तेव्हां साथ कशानें पसरते हें सर्वांस ठाऊक होतें. तरीही कांहीं घरांत बोट मुलाकडेच दाखविलें गेलें. म्हणजे ही समजूत केवळ अज्ञानावर जगत नाहीं. तिला दुसराही आहार मिळतो. तो कोणता, हें पाहिल्यावांचून उपाय सांपडणार नाहीं.

पहिला आहार शोकाचा. जिचा तरणा मुलगा गेला, त्या म्हातारीस रात्रंदिवस एकच प्रश्न खातो कीं, माझाच मुलगा कां गेला? पाऊस, भाव, व्याज, रोगजंतु हीं उत्तरें तिच्या हाताशीं येत नाहींत. त्यांच्यावर रागावतांही येत नाहीं. नातवंड मात्र समोर असतें. त्याच्यावर ठपका ठेविला कीं दुःखास एक तोंड मिळतें. अशा आजीस निर्दय म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. पुष्कळदां तीच आजी रात्रीं त्या पोराच्या अंगावर आपलें लुगडें घालते. तिला दोष देऊन कांहीं साधणार नाहीं. तिच्याजवळ बसून, तिचा मुलगा कशानें गेला हें डॉक्टरानें किंवा शिक्षकानें चार वेळां समजावून सांगितलें पाहिजे.

दुसरा आहार टंचाईचा. तीन एकर कोरडवाहू जमिनीवर ज्याचीं स्वतःचीं चार मुलें पोसत नाहींत, त्या चुलत्याच्या घरीं पांचवें तोंड आलें, तर त्याच्या मनाची ओढाताण आपण समजूं शकतों. “मला हें झेपत नाहीं” असें म्हणण्याची त्यास लाज वाटते; “हें पोर अपशकुनी आहे” असें म्हणण्याची लाज वाटत नाहीं, कारण तें सारें गांवच म्हणतें. सुकाळांत जी कुजबुज असते, तीच दुष्काळांत निवाडा बनते. म्हणून हा विषय दुष्काळ-निवारण समितीच्या कक्षेंतील आहे, असें आम्ही मानतों.

तिसरा आहार सांगण्यास अवघड, परंतु आपण जमीनजुमल्याचे व्यवहार जाणणारे लोक आहां म्हणून स्पष्ट बोलतों. तो जमिनीचा. बाप मेल्यावर त्याचा हिस्सा मुलांच्या नांवें लागावयाचा असतो. सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नांवापुढें ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून सांभाळ करणाराचें नांव लागतें. कित्येक ठिकाणीं वारसाची नोंदच वर्षानुवर्षें होत नाहीं. ज्या मुलास घर लहानपणापासून ‘करंटें’ म्हणत आलें, तें मोठेपणीं आपला हिस्सा कोणत्या तोंडानें मागेल? ‘तुला पोसलें हेंच पुष्कळ’ हें वाक्य त्याच्यासाठीं तयारच असतें. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणें केवळ सांभाळ करतों एवढ्यावरून कोणाही नातलगास अज्ञान मुलाची मिळकत विकण्याचा अधिकार नाहीं. आणि २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच ठरला आहे. परंतु हे नियम त्या मुलास कोणी सांगावे? सर्वच पालनकर्ते लोभी असतात असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. पोटास चिमटा घेऊन भावाचीं मुलें वाढविणारे चुलते या महाराष्ट्रांत थोडे नाहींत. पण जेथें लोभ आहे, तेथें अपशकुनाची समजूत त्यास फार सोयीची पडते, हें नाकारतां येणार नाहीं.

आमच्या समाजाची शिकवण याविषयीं खरोखर काय आहे? मावशीनें आईची जागा घ्यावी म्हणून “माय मरो पण मावशी उरो” असें आमची भाषा बोलते. आळंदीस निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई हीं चार भावंडें आईबापांवांचून राहिलीं. परंपरा सांगते कीं, ‘संन्याशाचीं पोरें’ म्हणून त्यांस वाळींत टाकलें होतें, आणि शुद्धिपत्रासाठीं त्यांस पैठणापर्यंत जावें लागलें. शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्यांस दारांत उभें केलें नाहीं, त्यांच्या पालखीपुढें आज आपण रस्ते झाडतों, वारकऱ्यांस पाणी देतों, अन्नदान करतों. तें पुण्यकर्मच आहे. मात्र त्याच गांवच्या एखाद्या पोरक्या मुलीस त्याच दिवशीं पंगतीच्या मागें उभें केलें जात असेल, तर पालखीच्या सेवेंतून आपण काय शिकलों?

जवळचीं उदाहरणें घ्या. जोतीराव फुले यांची आई ते तान्हे असतांनाच वारली. आई गेलेलें मूल म्हणून त्यांस कोणी कोपऱ्यांत बसविलें नाहीं; नात्यांतील सगुणाबाई क्षीरसागर यांनीं त्यांस मायेनें वाढविलें. पुढें १८७७ सालीं, दुष्काळांत मुलें उपाशी फिरूं लागलीं तेव्हां, पुण्याजवळ धनकवडी येथें त्यांच्यासाठीं अन्नछत्र चालविण्यांत याच जोतीरावांचा व सत्यशोधक समाजाचा पुढाकार होता. पंडिता रमाबाईंचे आईवडील व वडील बहीण १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत अन्नावांचून खंगून गेलीं. सोळा-सतरा वर्षांची ही मुलगी भावासह शेंकडों कोस पायीं फिरली. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविलें. आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील निराधार मुलींस आसरा देण्यास तीच धांवून गेली. दोघांच्या बाबतींत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्यांना कोणीतरी आपलें म्हणून जवळ धरिलें होतें. एकास सगुणाबाईंनीं, दुसरीस भावानें. अंगीं असलेल्या गुणांस तेवढा आधार मिळाला. तो न मिळाल्यामुळें किती गुण मातीस मिळाले असतील, याची नोंद कोणत्याही अहवालांत सांपडणार नाहीं.

आतां समितीच्या योजनेकडे वळतों. अंधश्रद्धेच्या अघोरी प्रथांस आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें २०१३ सालीं केला. त्यायोगें मारणारा हात धरतां येतो. चुलीपाशीं उच्चारलेला शब्द धरतां येत नाहीं. तें काम समाजाचें आहे, आणि समाजांत ज्यांच्या शब्दास वजन आहे अशा आपणांसारख्यांचें आहे. आमच्या मागण्या पांच आहेत.

पहिली मागणी नियमित साहाय्याची. एकदांच मोठी रक्कम देण्यापेक्षां दरमहा धान्य व शाळेचा खर्च, मूल अठरा वर्षांचें होईपर्यंत, त्याच्या नांवानें घरीं पोंचावा. ज्या पोराच्या नांवानें घरांत दरमहा ज्वारी-गव्हाची गोणी उतरते, त्याचा पायगुण वाईट म्हणण्यास जीभ सहसा वळत नाहीं. आम्ही पायगुण मानीत नाहीं. परंतु घरानें तो मानावयाचाच तर निदान त्याचा कौल मुलाच्या बाजूनें पडावा, एवढी व्यवस्था आपल्या हातीं आहे.

दुसरी मागणी देखरेखीची. गोणी उतरली आणि मूल उपाशीच राहिलें, असेंही होऊं शकतें. म्हणून प्रत्येक गांवीं एक शिक्षिका, अंगणवाडीची सेविका किंवा कोणी विश्वासू गृहिणी दर पंधरवड्यास त्या घरीं जाऊन येईल. ती तपासणीस म्हणून जाणार नाहीं, मावशी म्हणून जाईल. तिच्या जाण्यायेण्याचा खर्च मात्र समितीस करावा लागेल. मुलाचे हाल होत असल्याचें दिसलें तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळविण्यास ती कचरणार नाहीं.

तिसरी मागणी कागदपत्रांची. सरकारच्या बालसंगोपन योजनेंत दरमहा मिळणारी रक्कम २०२३ सालीं १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये करण्यांत आली. आई किंवा बाप यांपैकीं एक गेलेल्या मुलांसही तिचा लाभ घेतां येतो. परंतु मृत्यूचा दाखला, रहिवासाचा दाखला, बँकेचें खातें, शाळेचा दाखला हे कागद जुळवितां जुळवितां घरें थकतात आणि अर्ज पडून राहतो. आपल्या पेढ्यांवर कागदांत मुरलेले मुनीम व दिवाणजी आहेत. त्यांचा आठवड्यांतील अर्धा दिवस या कामास द्यावा. वारसाची नोंद व फेरफार हेंही त्याच वेळीं पाहून घ्यावें.

चौथी मागणी मानाची. तींत एक पैचाही खर्च नाहीं. आपल्या दुकानांत वहीपूजन होतें, नव्या विहिरीचें जलपूजन होतें, घरीं मुलीचें लग्न निघतें. अशा वेळीं पोरक्या मुलीस पहिलें कुंकू लावा, तिच्या हातानें नारळ वाढवा, तिला करवली म्हणून उभी करा. सावकाराच्या, पाटलाच्या, आडत्याच्या घरीं जें घडतें तें गांव पाहतें. आमच्या दहा व्याख्यानांनीं जें होणार नाहीं, तें आपल्या ओसरीवरील एका नारळानें होईल.

पांचवी मागणी आमच्या स्वतःच्या वागणुकीविषयीं आहे, आणि ती देणगीदारांस क्वचित् कडू लागेल. देणगीच्या समारंभांत मुलांस रांगेनें उभें करून, गळ्यांत ‘अनाथ’ शब्दाची पाटी अडकविल्यासारखें त्यांचें छायाचित्र घेण्याची चाल पडली आहे. ज्या शब्दानें घर त्यांस वेगळें काढतें, त्याच शब्दानें आपणही त्यांस गांवांसमोर वेगळें काढतों. यापुढें समिती असा समारंभ करणार नाहीं, आणि मुलांचीं नांवें अहवालांत छापणार नाहीं. या अटीमुळें एखादी देणगी कमी आली तरी ती हानि आम्ही सोसूं. त्याचप्रमाणें कांहीं दाते नक्षत्रशांतीसाठीं रक्कम देऊं इच्छितात. शांति करावी कीं न करावी हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. त्यांत आम्ही पडत नाहीं. परंतु समितीच्या निधीतून ती होणार नाहीं, कारण तसें केल्यास दोष मुलांत होता असें समितीनेंच कबूल केल्यासारखें होईल. तीच रक्कम त्या मुलाच्या वह्यापुस्तकांस व गणवेशास द्यावी, अशी आमची विनंति आहे.

मंडळी, दुष्काळ हटतो. पाऊस पडतो, विहिरी भरतात, बाजार पुन्हां उभा राहतो, आणि आपलें येणें आज ना उद्यां वसूल होतें. मुलाच्या मनांत पडलेला शब्द मात्र पावसानें धुऊन जात नाहीं. तो तसाच राहिला तर तें मूल उद्यां बाप होऊन किंवा आई होऊन दुसऱ्या कोणा पोरक्यास तेंच ऐकवील. आपण धान्य दिलें, चारा दिला, पाणी दिलें, याबद्दल समिती आपली ऋणी आहे. आतां आपल्या गांवचीं अशीं मुलें किती व कोणाच्या घरीं आहेत, एवढी माहिती आपण प्रत्येकानें येत्या महिन्याभरांत काढावी, आणि त्यांपैकीं निदान एका मुलाचा भार अठराव्या वर्षापर्यंत उचलण्याचें वचन समितीच्या चिटणिसांकडे लिहून द्यावें. वचनपत्रांचे कोरे कागद बाहेर मेजावर ठेविले आहेत.